दिवाणजींचा खून आणि निपाणीचे स्थळ

ग्रंथ आणि प्रवास यांनी मनुष्य शहाणा होतो, असे या दोन्हींच्या वाटेला न गेलेले लोक नेहमी सांगतात. बेळगावातील टिळकवाडीच्या उपेंद्रांनी दोन्ही गोष्टी एकाच वेळी करून पाहिल्या. त्याचा हा वृत्तान्त.

उपेंद्र कॅम्पातल्या एका कचेरीत कारकून होते. सन १९३६ मध्ये त्यांचे वय तिशीकडे झुकले, तेव्हा थोरल्या बहिणीने, यशोदाआक्कांनी, निपाणीची मुलगी पाहायला त्यांना एकट्यालाच धाडले. (याआधी आक्का सोबत जात. मुलींचा नकार बहुधा आक्कांना पाहून येई.)

"हे शेवटचं स्थळ," आक्का म्हणाल्या. "पुस्तक नेऊ नकोस."

उपेंद्रांनी पुस्तक कोटाच्या आत ठेवले.

सर्व्हिस मोटार काकतीच्या पुढे गेली, तेव्हा शेजारी बसलेल्या मालुबाईंनी विचारले, "तोंड का पडलं वो तुमचं? घरात कोण आजारी हाय?"

"दिवाणजींचा खून झालाय," उपेंद्र म्हणाले.

सगळी मोटार हळहळली. खून पुस्तकातला आहे असे समजल्यावर हळहळ कमी न होता वाढली, आणि पुढचे मोठ्याने वाचावे असा ठराव एकमताने संमत झाला. हत्तरगीपर्यंत निम्म्या उतारूंचा संशय वैद्यावर होता, निम्म्यांचा सुनेवर. स्वयंपाक्यावर संशय घेणारा ड्रायव्हर यल्लाप्पा एकटाच होता. परंतु मोटार त्याच्या हातात असल्यामुळे त्याच्या मताला वजन होते.

निपाणी आली. मष्णू क्लीनरने ते अगदी हळू सांगितले, कारण दिवाणजींची तिजोरी नेमकी त्याच वेळी उघडत होती. मालुबाई लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या.

"मावशी, उतरनार काय?" मष्णूने विचारले.

"पोर काय, व्हायचंच हाय. खून कुणी केला तेवढं कळू दे."

उपेंद्रांनाही मुलगी आठवली. पण वाक्य अर्धे होते.

कागलजवळ पुस्तक संपले. संपले म्हणजे, 'खुनी दुसरातिसरा कोणी नसून' यापुढचे पान कोणीतरी फाडून नेले होते. यल्लाप्पाने मोटार उभी केली. सगळ्यांनी उपेंद्रांकडे असे पाहिले, की जणू खून त्यांनीच केला असावा. मग मोटार मागे वळली.

निपाणीत पोहे केव्हाच गार झाले होते. मुलीचे वडील रघुवीरपंत यांनी उशिराचे कारण विचारले. उपेंद्रांना खोटे बोलता येत नसे; त्यांनी सगळे सांगितले. पंतांनी दाराकडे हात केला. उपेंद्र खाली मान घालून उठले. कधी नव्हे ते त्यांना पुस्तकाचे ओझे वाटले.

तेवढ्यात आतून ती मुलगी, लतिका, म्हणाली, "ते पुस्तक मी वाचलंय."

उपेंद्र वळले. "मग खुनी कोण?"

"लग्नानंतर सांगेन."

लग्नाला सगळी मोटार आली. मालुबाई नातवाला घेऊन आल्या. अक्षता पडताच उपेंद्रांनी हळूच विचारले.

"मी कुठं वाचलंय?" लतिका म्हणाली. "तुम्हाला तसं परत जाताना बघवेना."

उपेंद्रांनी डोक्यावरच्या अक्षता झटकल्या. मग म्हणाले, "वैद्यच असणार."

"सूनच," लतिका म्हणाली. संसार सुरू झाला.

मांडवात ताटकळलेल्या यल्लाप्पाला मात्र, खुनी स्वयंपाकीच होता, असे कळवण्यात आले. (वऱ्हाडाला त्याच्याच मोटारीने घाट ओलांडायचा होता.)

हे सारे वाचून ज्यांना उपेंद्रांचे हसू येत असेल, त्यांनी एवढेच सांगावे: आता तरी खुनी कळेल म्हणून शेवटपर्यंत वाचत आलेले तुम्ही, तुमचे उतरायचे ठिकाण मागे नाही ना राहिले?