मावशीचा निरोप

महिनाअखेरपर्यंत लोकांनी गेममध्ये सरासरी वीस मिनिटं थांबलं पाहिजे, नाहीतर करार पुढे वाढणार नाही, असं गेम बाजारात आणणाऱ्या पब्लिशरने कळवलं, तेव्हा लोक बारा मिनिटं थांबत होते. करार वाढला नाही तर कचेरी बंद. कचेरी म्हणजे ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरची एक खोली आणि तीत चार माणसं: प्रोग्रामर, चित्रं काढणारी चित्रवाली, आवाजवाला आणि मालक. मालकांना मालक म्हणायचं ते गमतीने. खोलीचं भाडं त्यांच्या नावावर होतं आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागदही तेच काढायचे.

गेम वाईट नव्हता हो. एक निर्जन बेट, त्यावर आपण उतरायचं, झोपडी बांधायची, होडी दुरुस्त करायची, मासे धरायचे. चित्रवालीने दोन वर्षं खपून त्या बेटावर एकशे ऐंशी खेकडे काढले होते, आणि एकाची चाल दुसऱ्यासारखी नव्हती. पण बाजारात रोज शेकडो नवे गेम येतात, बहुतेक फुकट. माणूस एक उतरवून घेतो, बारा मिनिटं खेळतो, कंटाळतो, दुसरा घेतो. सातवा खेकडा बघायलाही कुणी थांबत नव्हतं, आणि हे चित्रवालीला कुणी सांगितलं नव्हतं.

पब्लिशरच्या वतीने बोलायला एक गृहस्थ होते. त्यांना कचेरीत आकडेसाहेब म्हणत. नमस्काराच्या जागीही ते टक्केवारी सांगत. लोक गेममधून फार पटकन निघून जातात, निघणाऱ्याला कुणीतरी थोपवलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणून 'बाहेर पडा' हे बटण दाबलं की झोपडीच्या दारात एक म्हातारी येऊन मायेने दोन शब्द बोलेल, असं ठरलं. तिचं बोलणं संपेपर्यंत गेम बंद होता कामा नये, ही आकडेसाहेबांची अट. प्रोग्रामरने ती तंतोतंत पाळली. आधी म्हातारीचं बोलणं, मग खेळणाऱ्याचं दिवसभराचं बांधकाम जतन, मग गेम बंद. मध्येच कुणी फोन बंद केला तर झोपडी गेलीच म्हणून समजा.

म्हातारीच्या आवाजासाठी नटी परवडणारी नव्हती, म्हणून मालक आपल्या मावशीकडे गेले. मावशीने "निघालास? सांभाळून जा हो," हे वाक्य पहिल्याच फटक्यात असं म्हटलं की मालकांना खरोखर निघवेना. त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं आणि फोन खिशात टाकला. टाकताना बटण पुन्हा दाबलं गेलं. मग मालक दारापर्यंत आले आणि मावशीला एकेक गोष्ट आठवायला लागली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आवाजवाल्याकडे दोन फायली पोचल्या: एक सहा सेकंदांची, एक एकेचाळीस मिनिटांची. आवाजवाला आठवड्यातून दोनच दिवस यायचा. त्याचे बाकीचे दिवस खर्चकपातीत गेले होते, आणि ती सूचनाही आकडेसाहेबांचीच होती. त्यामुळे तो घाईत असे. दोन्हींतली कुठली घेऊ, असं त्याने मालकांना विचारलं. मालक बँकेत रांगेत उभे होते. त्यांनी उत्तर पाठवलं, "निरोपाची."

आता तुम्हीच सांगा, आवाजवाल्याचं काय चुकलं? सहा सेकंदांचं ते एक वाक्य होतं. सहा सेकंदांत कुणी निरोप घेतं का? त्याची स्वतःची सासू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून त्याला चार वेळा परत बोलावते. त्याने दुसरी फाईल मधूनमधून ऐकली, 'बरं मग', 'अरे हो', 'एक सांगायचं राहिलंच' असं सगळं जिथल्या तिथे होतं. निरोप म्हणजे हाच, यात त्याला तिळमात्र शंका वाटली नाही. त्याने मागची खरखर काढली आणि फाईल गेममध्ये बसवून तो घरी गेला.

कचेरीत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण गेम बनवणारी माणसं गेममधून दाराने कधी बाहेर पडतच नाहीत. चाचणी झाली की प्रोग्रामर सरळ गळा दाबल्यासारखा गेम बंद करतो. दाराने जायचं ते गिऱ्हाइकांनी.

स्टोअरची मंजुरी येऊन बदललेला गेम लोकांपर्यंत पोचला, आणि पुढचा आठवडा उलटल्यावर सोमवारी सकाळी मालकांनी आकडे उघडले. सरासरी शेहेचाळीस मिनिटं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. प्रोग्रामरने मान्य केलं की त्याने केलेल्या सुधारणांचा हा परिणाम असू शकतो. चित्रवाली म्हणाली की खेकड्यांना वेळ लागतो, पण एकदा आवडले की आवडले. मालकांनी घरी फोन करून बायकोला सांगितलं की नोकरीच्या जाहिराती बघणं आता थांबव. कित्येक महिन्यांनंतर त्या खोलीत माणसं मोकळी हसली.

मग मालक लोकांचे अभिप्राय वाचायला बसले. पहिला अभिप्राय होता, "म्हातारी फार आवडली. पण शेजारीण जिना धुते ते पाणी दाराखालून आत येतं, त्याचं पुढे काय झालं?" बेटावर जिना नव्हता. दुसऱ्याने लिहिलं होतं की काकांच्या घोरण्यावर उशी बदलून काही होणार नाही, डॉक्टरला दाखवा. तिसरी एक बाई म्हणत होती की भांडी घासताना मी रोज गेममधून बाहेर पडते, वेळ मस्त जातो. मालकांनी पहिला अभिप्राय पुन्हा वाचला. जिना धुणारी शेजारीण त्यांच्या ओळखीची होती.

त्यांनी गेम लावला, 'बाहेर पडा' दाबलं आणि तिघंही ऐकत बसले. मावशी काकांच्या पायावरून भाचीच्या मोडलेल्या लग्नावर आली, तिथून गेल्या वेळी नेलेल्या डब्याच्या झाकणावर. मध्ये मध्ये मालकांचा केविलवाणा आवाज यायचा, "हं", "बरं", "निघतो मग". एकोणतिसाव्या मिनिटाला मावशीने विचारलं की तुमच्या त्या कंपनीच्या माणसाचं काय म्हणणं आहे. त्यावर मालक स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हणाले, "त्याला खेळातलं ओ की ठो कळत नाही."

प्रोग्रामरने आवाज बारीक केला. खरं सांगावं तर आकडा खोटा ठरून करार जाणार. गुपचूप दुरुस्त करावं तर सरासरी पुन्हा बारावर येऊन करार जाणार. आणि तसंच ठेवावं तर आकडेसाहेब कधीतरी एकोणतिसाव्या मिनिटापर्यंत पोचणार. शेवटी मालकांनी ठरवलं की निदान तेवढं एक वाक्य कापू. पण कसलाही बदल केला तरी स्टोअरची मंजुरी मिळायला दोन दिवस. दुपारी तो अर्ज केला, आणि संध्याकाळी आकडेसाहेबांचा निरोप आला: उद्या सकाळी स्वतः येतो.

मंगळवारी साडेनऊला ते आले. खुर्ची दिली तरी उभेच राहिले. त्यांनी सगळं ऐकलं होतं, अगदी दोनदा.

"एकोणतिसावं मिनिट," ते म्हणाले.

मालक उठून उभे राहिले. "साहेब, ते मी..."

"त्या मिनिटाला एकही माणूस सोडून गेलेला नाही. तो भाग काढू नका."

मालकांना हायसं वाटलं, पण फार वेळ नाही. आकडेसाहेबांनी एक तक्ता टेबलावर ठेवला. बेटावर बारा मिनिटं, दारात चौतीस. खर्च मात्र सगळा बेटावर. झाडं, लाटा, खेकडे. दाराला एक म्हातारी सोडली तर खर्चच नाही. तेव्हा पुढच्या करारात बेट नको. नुसतं दार ठेवायचं, आणि दर आठवड्याला मावशींचा नवा निरोप. त्यासाठी आवाजवाला दोन दिवस पुरे. बाकी तिघांचं काम संपलं, असं त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं.

"अहो, पण गेम म्हणजे ते बेटच आहे," मालक म्हणाले.

"तुमच्या दृष्टीने."

चित्रवालीने कॉम्प्युटरचा पडदा बंद केला आणि खिडकीकडे तोंड करून बसली. मालकांना स्वतःचीच लाज वाटली. दोन वर्षं या माणसांच्या कामावर खोली चालली, आणि बँकेच्या रांगेतून पाठवलेल्या एका शब्दाने त्यांनी ती बंद पाडली होती.

मावशीची सही हवी होती, म्हणून मालक आणि आकडेसाहेब तिच्या घरी गेले. आपलं बोलणं अठरा हजार लोकांनी ऐकलं हे कळल्यावर मावशी आधी मालकांवर उखडली. शेजारीण काय म्हणेल, भाची काय म्हणेल, असं सगळं झालं. मग तिला आठवलं की गेले दोन दिवस जिना कोरडा आहे, आणि ती जरा निवळली. आकडेसाहेबांनी दारातच उभ्या उभ्या कागद पुढे केला, फोन समोर धरला आणि नमुन्यादाखल पाच मिनिटं बोलायला सांगितलं.

मावशी फोनकडे बघत राहिली. "काय बोलू?"

"निरोप द्या."

"कुणाला? कोण निघालंय?"

"समजा, मी निघालोय."

"तुम्ही आलात कुठे अजून?" मावशी म्हणाली. "टेकलात का, पाणी तरी प्यायलात का? माणूस घरात येतो, बसतो, दोन घटका रमतो, मग निघताना मला सुचतं. घरच काढून टाकल्यावर मी काय रस्त्याने जाणाऱ्यांना थांबवून काकांचा पाय सांगू?"

आकडेसाहेबांनी फोन तसाच धरून ठेवला. दोन मिनिटं झाली, तीन झाली. मावशी एक शब्द बोलली नाही. एवढा वेळ तिला गप्प राहिलेलं मालकांनी जन्मात पाहिलं नव्हतं. चौथ्या मिनिटाला आकडेसाहेबांनी खिशातून पेन काढलं आणि करारातली 'बेट वगळून' ही ओळ खोडली. मावशीने दुसरं पान मागून घेतलं, तिथे चारही माणसांचे पूर्ण दिवस लिहून घेतले, दोन वर्षांसाठी, आणि मगच सही केली.

कचेरीत आनंद झाला. आवाजवाल्याला कुणी रागावलं नाही, उलट त्याला खिडकीजवळची जागा दिली. पुढचा महिना बरा गेला. महिनाअखेरीला नवे आकडे आले ते मालकांनी एकट्याने दोनदा वाचले, आणि या वेळी चित्रवालीपासून लपवायचं नाही असं ठरवून तिच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. तिचा एकशे एक्क्याऐंशीवा खेकडा चालला होता.

"बेटावरचा वेळ बारावरून नऊवर आलाय," ते म्हणाले. "लोक भराभर आवरतात आणि दाराकडे निघतात."

चित्रवालीने ब्रश खाली ठेवला. तिने पडद्यावर झोपडीचं दार उघडून मोठं केलं. मग तिने विचारलं, "ते दार कुणी काढलंय?"

"तूच. पहिल्या आठवड्यात, घाईघाईत."

"तरीच," ती म्हणाली. "त्याला बिजागऱ्याच नाहीत. चौतीस मिनिटं लोक ते बघत उभे आहेत, आणि ते मी काढलंय हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

तिने खेकडा होता तसा अर्धवट ठेवला आणि बिजागऱ्या काढायला घेतल्या.