जावकरावांचा नवाकोरा फोन

अनोळखी नंबरवरून आलेला फोन घ्यायचा नाही, हा नियम घरात जावकरावांनीच केला होता आणि त्या सकाळी तो त्यांनीच मोडला. ‘बघू तरी कोण आहे’ एवढाच विचार त्यांच्या मनात आला होता. (माणसाचं वाटोळं करणारे विचार असेच दिसायला साधे असतात.) पलीकडून एक बाई फार गोड बोलत होत्या. त्यांची कंपनी फोन बनवते, पुढच्या फोनमध्ये लोकांना काय हवंय ते विचारायला त्या घरोघरी जातात, सगळ्या कुटुंबाशी बसून बोलतात, आणि घरातल्या ज्या माणसाचा फोनचा वापर सगळ्यात वेगळा वाटेल त्याला बाजारात न आलेला फोन वापरायला देतात, कायमचा. बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत जावकराव ‘या’ म्हणाले होते.

जावकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आवक-जावक विभागात दोन कारकून होते. आलेली पत्रं घेणाऱ्याला सगळे आवकराव म्हणत आणि गेलेली पत्रं पाठवणाऱ्याला जावकराव. पुढे आवकराव निवृत्त झाले, त्यांचंही काम यांच्याच टेबलावर आलं, पण नाव काही बढती घेऊन बदललं नाही. घरीसुद्धा बायको लाडात किंवा रागात असली की जावकरावच म्हणायची, आणि दोन्हीतला फरक त्यांना उशिरा कळायचा.

आता, एका फोनसाठी माणूस इतका का पाघळला, ते सांगायला हवं. इतर घरांत वस्तू वरून खाली येतात, थोरल्याची धाकट्याला. जावकरावांच्या घरात फोन खालून वर चढायचा. नवा फोन लेकीला, कारण ती इमारतींचे आराखडे काढायला शिकत होती आणि तिचा अभ्यास म्हणे फोनवरच असतो. तिचा जुना तिच्या आईला, कारण आई शाळेत शिकवायची आणि पालकांचे मेसेज थांबत नसत. तिचा जुना जावकरावांच्या सासूबाईंना, कारण त्या वडीलधाऱ्या. आणि सासूबाईंचा जुना जावकरावांना, कारण त्यांच्यानंतर घरात कोणी उरत नव्हतं. त्यांच्या हातात येईपर्यंत फोनला शहाणपण आलेलं असे, पण जीव उरलेला नसे. सध्याच्या फोनच्या पडद्याची खालची पट्टी मेली होती, त्यामुळे फोन वाजला की आधी तो उलटा धरायचा, पडदा फिरायची वाट बघायची आणि मग बटण दाबायचं. तोवर पलीकडचा माणूस सहसा कंटाळलेला असे.

नव्या फोनच्या पडद्यावर एक पातळ चकचकीत पापुद्रा चिकटवलेला असतो. तो जावकरावांनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या फोनवरून सोललेला नव्हता. कचेरीत कोणी नवा फोन आणला की ते सहज आल्यासारखं करून तिथे जात आणि ‘हे मी काढू का?’ असं विचारत. एकदा हिशेब विभागातल्या बाईंनी त्यांना काढू दिलाही होता. पण परक्याचा तो परक्याचाच. आपला स्वतःचा फोन हवा, कोरा हवा, आणि पहिला हात आपला लागायला हवा, एवढीच त्या गृहस्थाची इच्छा होती.

संध्याकाळी त्यांनी घरात बैठक भरवली आणि प्रत्येकाला पुढच्या फोनकडून काय हवंय ते विचारलं. बायको म्हणाली, रागात लिहिलेला मेसेज फोननं थोडा वेळ स्वतःजवळ ठेवून घ्यावा आणि मी थंड झाले की विचारावं, पाठवू का म्हणून. लेकीला असा फोन हवा होता जो आईला ती पोचल्याचं कळवेल, पण कुठे पोचली ते सांगणार नाही. सासूबाईंनी हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाल्या, “समोरच्याला आधी फोन ठेवता येऊ नये.”

सासूबाई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. सगळी नोकरी त्यांनी एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लायनी जोडण्यात घालवली. जोडून दिलं की लोक तासन्‌तास बोलत आणि या पुढच्या लायनीला लागत. आता त्यांना स्वतःला बोलायला वेळच वेळ होता, पण ज्याला फोन लावावा तो ‘बरं, ठेवू का’ या वाक्यावर टपलेला असे.

जावकरावांनी तिन्ही मागण्या फेटाळल्या. ही घरगुती गाऱ्हाणी झाली, यांना फीचर म्हणत नाहीत, कंपनीची बाई हसेल, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी कचेरीत बसून (पाण्याची पत्रं तेवढा काळ जागच्या जागी राहिली) फोनविषयी मिळेल ते वाचलं आणि प्रत्येकासाठी एकेक उत्तर तयार केलं. त्यात एक गोम होती. सासूबाईंना मोठी अक्षरं, बायकोला चांगला कॅमेरा, लेकीला गेम खेळताना फोन तापतो ही तक्रार. म्हणजे जे हजार घरांतून ऐकून कंपनीचे कान किटले असतील तेच. आणि स्वतःसाठी मात्र एक झगझगीत वाक्य: रोज शेकडो कागद हाताखालून जातात, तेव्हा फोन उघडून पाटीएवढा व्हावा, एका बाजूला आलेलं पत्र दिसावं आणि दुसऱ्या बाजूला त्याचं उत्तर. सगळ्यात वेगळा वापर कोणाचा, याबद्दल शंकेला जागाच नको.

तालमी सुरू झाल्या. कोण कुठे बसणार तेही ठरलं. भिंतीजवळच्या ताठ खुर्चीत सासूबाई, सोफ्याच्या अलीकडच्या टोकाला लेक, पलीकडच्या टोकाला बायको आणि आरामखुर्चीत ते स्वतः. तालमीत कोणी इकडेतिकडे बसलं की ते कचेरीतला नियम ऐकवत. कागद माणसाचा नसतो, टेबलाचा असतो. माणूस रजेवर गेला म्हणून कागद रजेवर जात नाही. जो त्या टेबलावर बसेल त्यानं त्या टेबलाचं काम करायचं. इथेही खुर्ची बोलते असंच समजा. लेकीनं डोळे फिरवले, पण सासूबाईंना ते एकदम पटलं. एक्स्चेंजमध्येही हेच असायचं, ज्या बोर्डावर बसाल त्या बोर्डाच्या लायनी तुमच्या, असं त्या म्हणाल्या. या घरात आपलं म्हणणं समजणारं एक तरी माणूस आहे, याचा जावकरावांना फार आनंद झाला.

ठरल्या दिवशी सर्व्हेवाल्या बाई आल्या, बोलणं रेकॉर्ड करायचं यंत्र घेऊन. यंत्राची बॅटरी उतरली होती. प्लग होता भिंतीजवळ, म्हणून बाई सासूबाईंच्या ताठ खुर्चीत बसल्या. सासूबाई पाहुण्याला उठवणाऱ्यांपैकी नव्हेत. त्या लेकीच्या जागी, सोफ्याच्या अलीकडच्या टोकाला बसल्या. लेक सरकून आईच्या जागी गेली. जावकराव यंत्राची वायर सोडवून देत वाकलेले होते, तेवढ्यात बायको चहाचा ट्रे ठेवून मोकळी असलेली आरामखुर्ची बघून तीत बसली. जावकराव ताठ उभे राहिले तेव्हा त्यांच्यासाठी स्टूल उरलं होतं.

त्यांनी डोळ्यांनी बायकोला ऊठ म्हणून खुणावलं. लग्नापासून ती त्यांचे नियम पाळत आली होती, आणि नियम पाळूनच या माणसाला अडचणीत कसं आणायचं हेही ती शिकली होती. ती हलली नाही.

बाईंनी सासूबाईंपासून सुरुवात केली. त्यांनी मायेनं विचारलं की आजी, तुम्हाला अक्षरं मोठी हवी असतील, नाही का? सासूबाईंनी आपण कुठे बसलोय ते एकदा पाहून घेतलं, घसा साफ केला आणि एक्स्चेंजमधल्या त्या स्वच्छ आवाजात सांगितलं, “गेम ऐन रंगात आला की फोन तापतो.”

बाईंचं पेन थांबलं. जावकराव खोकले. सासूबाईंना तो खोकला पुढे बोला अशी खूण वाटला असावा. “हाताला चटका बसतो,” त्या म्हणाल्या. “शिवाय पडदा किंचित मागे राहतो. आपण वळेवळेपर्यंत समोरचा गोळी घालून मोकळा.”

हे गोळीचं वाक्य जावकरावांनी लिहिलेलं नव्हतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक पंख्याकडे बघत होती.

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी विचारलं की आजी, कोणाबरोबर खेळता. सासूबाई म्हणाल्या, दुपारी कॉलेजातून आली की नात तिचा फोन देते. टोळी ठरलेली आहे. एक दातांचा डॉक्टर आहे, एक ट्रक चालवतो आणि एक कोण ते सांगत नाही. तोंडानं फार घाण बोलतात, पण मनानं बरे आहेत. “आणि डाव संपेपर्यंत कोणी फोन ठेवून जात नाही हो,” असं म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. जावकरावांनाही क्षणभर गलबलून आलं. मग फोन हातचा चाललाय हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते भानावर आले.

पण पुढचं सगळं घसरणीवरच होतं. लेकीनं आईच्या जागी बसून शाळेच्या सहलीचे फोटो हलतात ही तक्रार अगदी गंभीरपणे केली. बायकोनं आरामखुर्चीत मागे रेलून, फोन उघडून पाटीएवढा व्हावा आणि एका बाजूला आलेलं पत्र, दुसऱ्या बाजूला त्याचं उत्तर दिसावं, हे शब्दही न चुकवता म्हटलं. पालकांच्या पत्रांना बरं पडेल, अशी भर तिनं पदरची घातली. बाई खूश होऊन मान डोलवत होत्या. शेवटी त्या स्टुलाकडे वळल्या. जावकरावांनी बराच विचार केला, पण घरात आता एकच वाक्य शिल्लक होतं.

“अक्षरं मोठी हवीत,” ते म्हणाले.

“होतं वयोमानानं,” बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या आणि त्यांनी यंत्र बंद केलं.

फोन आला तो सासूबाईंच्या नावानं. जावकरावांनी खोका आणून टेबलावर ठेवला, हात धुतले, पुसले, आणि आई, तुमची नखं दुखतील, पापुद्रा मी काढतो, असं ते म्हणेपर्यंत सासूबाईंनी तो एका हिसक्यात ओढून चुरगळून त्यांच्याच हातात दिला. टोळी वाट बघत होती. आता सासूबाईंचा आधीचा फोन तरी आपल्याकडे येईल, अशी जावकरावांची अटकळ होती. तो सासूबाईंनी बॅकअप म्हणून ठेवून घेतला. (हा शब्द त्यांना ट्रकवाल्यानं शिकवला होता.)

नवा फोन फक्त सासूबाईंचा चेहरा बघून उघडायचा. एका दुपारी त्या झोपलेल्या असताना जावकरावांनी तो हळूच त्यांच्या तोंडासमोर धरला. फोन उघडेना, कारण त्याला उघडे डोळे लागत. जावकराव आणखी जवळ वाकले. डोळे उघडले, फोनही उघडला, आणि हातात फोन धरून सासूबाईंच्या उशाशी ओणवं उभं राहण्याचं कारण जावकरावांना पटकन सुचलं नाही. तेव्हापासून त्यांनी मागे उभं राहून बघण्यावर समाधान मानलं. नुसतं बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “डावीकडे, आई, डावीकडे,” असं ते सांगत, आई डावीकडे जात आणि मरत. फोनमधून डॉक्टर विचारायचा की ते मागचे काका कोण आहेत आणि ते दुसऱ्या टोळीचे तर नाहीत ना.

काही आठवड्यांनी सर्व्हेवाल्या बाई पुन्हा आल्या. फोन कसा वाटला आणि आता पुढच्या मॉडेलमध्ये काय हवं, हे विचारायला. सासूबाईंनी फोनचं कौतुक केलं. तापत नाही, अडत नाही, पडदा हाताबरोबर पळतो. मग त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. जावकराव होतेच.

“एकच करा,” त्या म्हणाल्या. “समोरून मला दिसू दे सगळं. पण मागे जो उभा असेल त्याला पडदा कोरा दिसला पाहिजे.”

बाई उडाल्याच. इतकी नेमकी मागणी आजवर कोणी केली नव्हती, आणि कंपनीत सगळ्यांना ती फार आवडेल, असं त्या म्हणाल्या. त्यांनी यंत्र आवरलं, चहा संपवला आणि त्या जायला उठल्या.

जावकराव दारापर्यंत आले. एरवी त्यांनी मान तुकवली असती, पण त्या दिवशी त्यांच्यानं राहवलं नाही. मागच्या वेळी जागांचा घोळ झाला होता, अक्षरांचं ते माझं म्हणणं नव्हतंच, मलाही फोनकडून काही हवंय, आणि या घरात फोन वापरणाऱ्यांत माझंही नाव घाला, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

बाईंना खरंच वाईट वाटलं. त्यांनी पिशवीतून आज भरलेले कंपनीचे कागद काढून चाळले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“काका, नाव आहे तुमचं,” त्या म्हणाल्या. “फक्त आम्ही तुम्हाला वापरणाऱ्यांत नाही, वापरातल्या अडचणींत धरलंय.”