विहीणबाईंची शर्यत

आमच्या विहीणबाई अमेरिकेत, टेक्सासमधल्या फ्रिस्कोत, एका अनोळखी माणसाच्या मयताला जाऊन आल्या, आणि तिथे जेवूनही आल्या.

झालं असं की आमच्या घरामागच्या रस्त्यावर एक चर्च आहे. सकाळी फिरायला गेल्या तर तिथे काळ्या गाड्यांची रांग. दुसरं कोणी असतं तर मान खाली घालून पुढे गेलं असतं. या आत गेल्या. मागच्या बाकावर बसल्या, सगळे उठले की उठल्या, बसले की बसल्या. शेवटी त्या गेलेल्या माणसाची बायको यांच्या गळ्यात पडून रडली, तेव्हा याही रडल्या. घरी आल्या त्या कागदी रुमालात लिंबाच्या केकचा तुकडा घेऊन.

माझी सून केतकी, म्हणजे त्यांची मुलगी, कपाळाला हात लावून बसली. "आई, इथे असं अनइन्व्हाइटेड जात नाहीत गं."

"मयताला कोणी आमंत्रण देते का, बाप्पा? कसं राह्यते ते पाहून तं घेऊ म्हटलं. आणि माणूस चांगला होता हो."

"तुला काय कळलं त्यांचं इंग्लिश?"

"रडण्यावरून समजते नं."

शालिनीताई नागपूरच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. "पाहून तं घेऊ" हे त्यांचं पालुपद. गाडी धुवायचं यंत्र असतं, त्यात गाडी आपोआप पुढे सरकते आणि चारी बाजूंनी ब्रश येतात. त्यात त्या माझ्या मुलाला, महेशला, पुन्हा पुन्हा घेऊन गेल्या, म्हणजे एकदा डावीकडचे ब्रश बघायला आणि एकदा उजवीकडचे. शेजाऱ्याचं छप्पर बदलत होते तेव्हा अंगणात खुर्ची टाकून दिवसभर बसल्या. दुपारी त्या कामगारांना पोहे नेऊन दिले, आणि संध्याकाळी त्यांच्यातल्या कुणाला किती पोरं आहेत हे आम्हाला सांगितलं. ते लोक स्पॅनिश बोलणारे, या नागपुरी. कसं जमलं ते देव जाणे.

मी बरोबर उलटा. कराडजवळच्या गावात माझी पिठाची गिरणी होती. तिसरी शिकलोय, पण तिसरी पुरी केलीय. मला कशाचं नवल वाटत नाही. पहिल्यांदा अमेरिकेत उतरलो तेव्हा महेशनं विचारलं, "आबा, कसं वाटतंय?" मी म्हणालो, मोठं आहे. अजूनही माझं मत तेच आहे.

एरवी मी आणि विहीणबाई आळीपाळीनं इथे येतो. एका छपराखाली व्याही-विहीण सहा महिने राहावेत अशी कुणी रचना करत नाही. पण त्या वर्षी तिकिटांचा काहीतरी घोळ झाला आणि आम्ही दोघं एकाच वेळी फ्रिस्कोत सापडलो.

रोज सकाळी नाश्ता झाला की त्या मागच्या अंगणात जाऊन नागपूरला सासूला फोन लावायच्या. सासू नव्वदीच्या पुढच्या, धाकट्या दिराकडे असतात, अंथरुणाला खिळलेल्या. विहीणबाई त्यांना आदल्या दिवशी पाहिलेलं सगळं सांगायच्या. ब्रश, छप्पर, मयत, केक. तिकडे तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ. मला नवल वाटत नाही म्हणालो, पण याचं मात्र वाटायचं. सासूशी रोज अर्धा तास बोलणारी सून मी तरी पाहिली नव्हती. माझी बायको माझ्या आईशी तीस वर्षांत मिळून तेवढं बोलली नसेल.

मग ती शर्यत निघाली. केतकी आणि तिच्या दोन मैत्रिणींनी फ्लोरिडातल्या एका मोठ्या थीम पार्कमध्ये जानेवारीत होणाऱ्या मॅरेथॉनला नावं दिली. पाळण्यांची, महालांची ती बाग. पहाटे अंधारात सुटायचं आणि बेचाळीस किलोमीटर धावायचं. जेवणाच्या टेबलावर बोलणं चाललं होतं.

"रस्ता कुठून जाते?" विहीणबाईंनी विचारलं.

"सगळ्या पार्कमधून, आई. आणि बॅकस्टेजनं पण. जिथे एरवी कुणालाच सोडत नाहीत तिथून."

विहीणबाईंनी हातातली पोळी खाली ठेवली. "म्हणजे महाल मागून दिसन?"

"दिसेल."

"मंग माझं बी नाव टाक."

सगळे हसले. मी जास्त हसलो. "विहीणबाई, या वयात गुडघे सांभाळा," म्हणालो.

"व्याहीबुवा, गुडघे माझे आहेत. तुमच्या घरून नाही आणले."

नाव टाकलं. तिथे चालत गेलं तरी चालतं, पण एक अट असते. सगळ्यांच्या शेवटी पाठीला पिवळे झेंडे लावलेल्या दोन बायका ठरलेल्या चालीनं येतात. त्या ज्याच्या पुढे गेल्या, त्याची शर्यत संपली. मागून बस येते, त्यात बसवून आणतात. मेडल नाही.

विहीणबाईंनी ऑगस्टपासून तयारी केली. तिकडे तेव्हा उन्हाळा असतो. टेक्सासचा उन्हाळा म्हणजे भट्टीचं दार. त्या गुलाबी बूट घालून पहाटे तळ्याभोवती चालायच्या, मी बाकावर बसायचो. अडचण पायांची नव्हती, डोळ्यांची होती. प्रत्येक कुत्र्याजवळ थांबायचं, त्याचं नाव विचारायचं. कुणी मासे धरत असला तर बादलीत वाकून बघायचं. केतकी ओरडायची, "आई, कीप मूव्हिंग!" टाचेला फोड येऊन फुटले, त्यावर खोबरेल लावून पुन्हा दुसऱ्या दिवशी तयार.

एकदा मी म्हणालो, "महाल बघायचाय ना? तो तिकीट काढून बघता येईल. एवढा हट्ट कशाला?"

त्या बाकावर टेकल्या. म्हणाल्या, "व्याहीबुवा, मी कॉलेजात दोन वर्षं गेली, मंग लग्न झालं. शिवणाचा क्लास लावला, तं सासरे पडले. हिंदीच्या परीक्षा देऊन राहिली होती, तं केतकीचे बाबा आजारी झाले. माझ्या आयुष्यात जे सुरू केलं ते अर्ध्यावर. घरातून आवाज आला का मी उठली. हे एक पुरं करते. मंग नागपूरला जाते."

दुसऱ्या दिवसापासून मी कुत्र्यांना हाकलायचं काम घेतलं.

शर्यतीला नातीसकट आम्ही सगळे गेलो. मैत्रिणींचे नवरे, पोरं, सगळ्यांचे नारिंगी शर्ट, हातात पाट्या. मी माझा सदरा आणि टोपी घातली, शर्ट घडी करून पिशवीत ठेवला. साधारण अर्ध्या वाटेवर एका पुलाच्या अलीकडे आमची जागा ठरली होती. माझ्याकडे लिंबाच्या लोणच्याची डबी होती, पायात गोळे आले तर खारट फोड लागते म्हणून. तिथे माणसाएवढी एक खार उभी होती, म्हणजे खारीचं सोंग घेतलेला माणूस. तो सगळ्यांशी हात मिळवत होता. माझ्याकडे आला. मी नमस्कार केला, त्यानंही केला.

केतकी गेली, मैत्रिणी गेल्या. महेश म्हणाला, "आबा, चला, पुढच्या पॉइंटला केतकीला गाठू. आईंना यायला वेळ आहे."

"मी विहीणबाईंना इथे उभा राहतो म्हणून सांगितलंय."

नात म्हणाली, "Aba, you can cheer from there too."

"मी हलणार नाही," म्हणालो. ते गेले.

माणसं विरळ होत गेली. धावणारे कमी, ओढत चालणारे जास्त. मग एकदाच्या विहीणबाई दिसल्या, त्यांचाही शर्ट नारिंगीच. तोंड टोमॅटोसारखं, पण चाल पक्की. लोणच्याची फोड तोंडात टाकत म्हणाल्या, "व्याहीबुवा, महालाला मागून काहीच नाही. नुसते पत्रे आणि पाईप. एक बाई तिथं बसून परीच्या झग्याला टाके घालून राहिली होती. मी फक्त एक मिनिट थांबली."

"थांबायचं नाही ठरलं होतं."

तेवढ्यात त्यांच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. नागपूरहून धाकटी जाऊ. मोठ्यानं बोलत होती, मलाही ऐकू येत होतं. "वहिनी, ताट कधीचं समोर आहे. फोन आल्याशिवाय घास घेत नाही म्हणून राहिल्या."

"अगं, निघायच्या आधी केला होता नं मी."

"त्या विसरल्या."

विहीणबाई रस्त्याकडेला बांधलेल्या दोरीला धरून उभ्या राहिल्या. जावेनं फोन सासूकडे दिला असावा, कारण यांचा आवाज एकदम लहान पोरीसारखा झाला. "हो आई, मीच. हो, पळून राहिली आहे. जेवा नं आता."

मी मागे बघितलं. लांब वळणावर पिवळे झेंडे दिसायला लागले होते.

"विहीणबाई, चालत चालत बोला."

त्यांनी फोनवर हात ठेवला. "चालत बोललं का धाप लागते. त्यांना वाटते मी रडून राहिली. मंग त्याही रडतात."

झेंडे जवळ आले. आता त्या दोन बायकांचे चेहरेही दिसत होते, हसतमुख होत्या बिचाऱ्या. विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पुलाकडे पाहिलं, आणि पुन्हा फोन कानाला लावला. कॉलेज, शिवण, हिंदी. मला त्या बाकावरचं सगळं आठवलं.

"आणा तो फोन," मी म्हणालो.

"तुम्ही काय बोलाल त्यांच्याशी? त्यांना सगळं नीट सांगा लागते."

"सांगतो. जा तुम्ही."

त्या जाईनात, तेव्हा मी फोन हातातून काढूनच घेतला. त्या दोन पावलं गेल्या, वळून बघितलं. मी हात हलवून हाकललं. मग पळाल्या.

"कोण आहे?" पलीकडून बारीक आवाज. "विमल कुठं गेली?"

"कोण विमल?"

"माझी पोरगी. आता तं बोलून राहिली होती."

नाव ऐकल्यासारखं वाटलं. महेशच्या साखरपुड्याला नागपूरला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या बैठकीत एका तरुण मुलीचा हार घातलेला फोटो पाहिला होता. मी विचारलं होतं, तर विहीणबाई म्हणाल्या होत्या, या माझ्या नणंद, विमलताई.

"रोज फोन करते माझी पोरगी," म्हातारी सांगत होती. "अमेरिकेतून करते. सून बी तिकडंच आहे म्हणतात. शालिनी. तिचा एक फोन नाही. पोरगीच असते आपली, सून काय."

गिरणीत पीठ जाड आलं तर मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचो, तुमचं धान्य ओलं होतं. खऱ्यापायी अर्ध्या गावाशी माझं वाकडं होतं. इथेही जिभेवर आलं होतं, की बाई, ही सूनच आहे तुमची.

"चांगली आहे पोरगी तुमची," मी म्हणालो.

"आहेच. मंग सांगा नं, काय काय आहे तिथं?"

आता आली पंचाईत. मोठं आहे म्हणून भागणार नव्हतं. मी इकडेतिकडे बघितलं. सांगितलं, एक माणसाएवढी खार आहे. ती आता झाडाआड जाऊन डोकं काढून बसलीय आणि आतला पोरगा केळं खातोय. एक बाई नवरीच्या वेषात पळतेय, झगा हातात धरून. एक म्हातारा बाप आणि त्याचा तेवढाच म्हातारा दिसणारा मुलगा हात धरून चाललेत.

"बाप्पा! आणि?"

मागून धाकटी जाऊ म्हणाली, "घास घेतला हो, बोलत राहा."

"आणि पुलाखाली पाणी आहे. पाण्यात बदकं आहेत. ती कुणाकडे बघत नाहीत."

"माझी पोरगी दिसते का?"

पुलाच्या पार टोकाला एक नारिंगी ठिपका होता. झेंडे पुलाच्या मध्यावर. "दिसते," मी म्हणालो.

"पळते?"

"पळते."

"हळू जा म्हणा तिला. लहानपणी फार पडायची."

बस गेली. माणसं दोऱ्या गुंडाळायला लागली, एकानं मला बाजूला व्हायला सांगितलं. माझा स्वतःचा फोन खिशात वाजत होता. मी दोरी कशी गुंडाळतात तेही सांगितलं. ताट संपेपर्यंत सांगत राहिलो.

शेवटच्या रेषेपाशी महेश माझ्यावर भडकला, कुठे होता, किती फोन केले. दुपार झाली होती, बघणारे पांगले होते. केतकी मेडल घालून रस्त्यावर डोळे लावून उभी होती. मग वळणावरून विहीणबाई आल्या, आणि त्यांच्या अगदी पाठीशी पिवळे झेंडे. ओरडून ओरडून आमच्या नातीचा घसा बसला. त्या रेषा ओलांडून आल्या, कुणीतरी गळ्यात मेडल घातलं, केतकी त्यांना धरून रडायला लागली.

लेकीच्या खांद्यावरून त्यांनी मला शोधलं. जवळ आल्या, कडेला टेकल्या.

"जेवल्या का?"

"जेवल्या. दहीभात होता. शेवटचा घास टाकला."

"तो टाकतातच." मग, माझ्याकडे न बघता, "कोण बोलते म्हणून विचारलं असन."

"विचारलं. मी म्हणालो, विमलच्या घरचा माणूस आहे."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत होत्या. मेडल उलटं करून मागची बाजू बघितली, पुन्हा सुलटं केलं.

"उद्या सांगते त्यांना, विमलला मेडल मिळालं म्हणून," त्या म्हणाल्या. "फार खूश होतील."

आणि बुटाची नाडी सोडायला खाली वाकल्या.