लाकडाच्या गाडीचा माग

निघताना

मन्मथअप्पांनी पेटीतून खाकी कोट काढला, तसा बसम्मानं कपाळाला हात लावला. "पन्नास वर्षं झाली त्या गाडीच्या गोष्टी ऐकायलेय मी. एक खिळा तरी दाखवला का कधी?"

जिनिंगच्या बॉयलरसाठी ताडकळसच्या रानातून बाभळीची लाकडं आणणाऱ्या छोट्या आगगाडीवर अप्पा विशीत फायरमन होते. गाडी बंद पडली, रूळ उखडले, त्यानंतर बसम्मा लग्न होऊन आली. आता तर नात धनश्रीही म्हणू लागली होती, "अप्पा, मोबाइलवर कुठंच न्हाई दिसत तुमची गाडी."

"चल, दाखवतो!" मापाला त्यांनी टेप घेतला, नातीच्या हाती वही दिली. घोटाळा तिथंच झाला.

पहिला मैल

तुरीच्या रानातल्या उंच बांधावर, जिथं पूर्वी रूळ होते, तिथं पाऊल पडताच अप्पांच्या पायांना जुना ठेका सापडला. नाकात ओल्या बाभळीचा धूर आला.

पुढं रंगनाथच्या गोठ्याला तुळई म्हणून चक्क रूळ! अप्पांनी भरल्या डोळ्यांनी टेप लावला, धनश्रीनं आकडा लिहिला. खाकी कोट, टेप, वही बघून रंगनाथचं तोंड उतरलं.

"बाजारातून आणलाय, साहेब."

"अरे, इथून गाडी जायची!"

"गाडी? आमच्या सात पिढ्यांत न्हाई!"

दुसरा मैल

रेल्वेचा साहेब जप्तीला आलाय, ही बातमी त्यांच्या पुढं पळाली. लिंबाजीनं नालीवर टाकलेला रुळाखालचा लाकडी स्लीपर शेणानं सारवून टाकला. शाळेची घंटा म्हणजे रुळाचाच तुकडा; मास्तरांनी तो पोत्यात घातला आणि त्या दिवशी शाळा सुटायचीच राहिली.

जो तो म्हणे, "गाडी? छे, कधीच न्हाई!"

धनश्रीनं वही मिटली. "जाऊ द्या अप्पा. चला घरी." तिच्या आवाजातली कीव अप्पांना उन्हापेक्षा जास्त लागली.

शेवटचं घर

धुरपताबाई दारात शेंगा फोडत बसली होती. सुनेनं आतून डोळे वटारले, तशी म्हातारी म्हणाली, "इथं गाडी आलीच न्हाई कधी."

"रोज आठला थांबायची की हो, बाई!" अप्पा रडकुंडीला आले.

"आठला?" धुरपताबाई उसळली. "दहाच्या आत कधी आली मेली? अन् तो फायरमन! पाणी मागायच्या नावाखाली रोज माझ्या दारात. शिट्टी काय वाजवायचा, केसांवरून कंगवा काय फिरवायचा! लग्नाचंबी विचारलं होतं मला." तिनं डोळे बारीक केले. "नाक तुमच्यासारखंच होतं बघा."

धनश्रीनं हळूच वही उघडली. "अप्पा, घरी आजीला काय सांगू?"

अप्पांनी घाईघाईनं कोट काढून काखेत मारला.

"सांग, गाडी नव्हतीच."