घरपट्टी वाढवून मागणारे वानखेडे

घरपट्टी कमी करा म्हणून भांडणारी माणसं मी पुण्यात ढिगाने पाहिली आहेत. आमचे सासरे तर त्या पंथाचे महंतच होते. पण "माझी घरपट्टी वाढवा हो" म्हणून कौन्सिलच्या हात धुऊन मागे लागलेला माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहतो.

प्रमोद वानखेडे. मूळचे नागपूरचे, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये, घर पोर्टलीशच्या पलीकडे आमच्या एवढ्याशा आयरिश गावात. पंचेचाळिशीचे असतील. लग्नाचं विचारलं, तर "राहूनच गेलं, वहिनी," असं म्हणतात, जशी काही बाजारातून कोथिंबीर आणायची राहिली.

झालं काय, कौन्सिलने एक प्रस्ताव मांडला. घरपट्टी थोडी वाढवायची आणि त्या पैशातून आमच्या भागासाठी स्वयंसेवकांची एक ॲम्ब्युलन्स ठेवायची. लोकांनी आपापलं मत लिहून कळवावं, मग सभासद मतदान करतील. तोवर गावात ॲम्ब्युलन्स नव्हती. यायची ती दूरच्या गावाहून, शेतांमधल्या चिंचोळ्या रस्त्यांनी. प्रस्ताव आला त्याच शनिवारी मी पोळ्या लाटत असताना दाराची बेल वाजली.

"काय करून राहिले, वहिनी?"

"पोळ्या."

"पोळ्या होतच राहतीन. आधी कौन्सिलले लिहा, आमची घरपट्टी वाढवा म्हणून."

"भाऊजी, बरं आहे ना तुम्हाला?"

"मले काय धाड भरली? हे पाहा, घर आहे तं टॅक्स आहे, अन् जीव आहे तं घर आहे!"

हे वाक्य त्यानंतर मी इतक्यांदा ऐकलं, की कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणून दाखवीन. मी पोळी तव्यावर टाकली आणि मुकाट्याने लिहून दिलं. नाहीतर पोळी करपली असती.

या सगळ्या वेडाच्या मुळाशी होत्या त्यांच्या आई. त्या नागपूरला एकट्या राहतात, हृदयात स्टेंट घातलेला. त्यांना इथे आणायचं म्हणून भाऊजींनी वरची खोली रंगवून घेतली, पलंग आणला, पण तिकीट काही काढेनात. "ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आईले इथं आणत नाही. तिले काही झालं तं मी काय ट्रॅक्टरवर नेऊ?" म्हणजे कौन्सिलच्या सभासदांनी हात वर केले, तरच माउली विमानात बसणार. मला हे कळलं तेव्हा मी हसले होते, पण त्यांना हसणं परवडत नव्हतं.

मग काय, माणूस पेटलाच. इथे प्रत्येक घराचा स्वतंत्र पोस्टल कोड असतो, त्याला आयरकोड म्हणतात. ॲम्ब्युलन्सला फोन केला की तो सांगितला पाहिजे, आणि आपल्या लोकांचा तो कधी पाठ नसतो. गणपतीला गावच्या हॉलमध्ये भाऊजी मोदकांचं पातेलं घेऊन दारातच बसले. "आधी आयरकोड, मंग मोदक!" मोठमोठे डॉक्टर, आर्किटेक्ट छताकडे बघायला लागले. आमच्या ह्यांनी छाती पुढे काढून खणखणीत सांगितलं, "चार एक एक शून्य तीन शून्य!" अहो, हा सदाशिव पेठेचा पिनकोड! आयर्लंडात घर घेऊन माणूस हप्ते भरतोय, पण अडीअडचणीला ॲम्ब्युलन्स पुण्याला पाठवणार. भाऊजींनी त्यांना मोदक दिला नाही. मीही दिला नाही.

खरा अडथळा होता समोरचा पॅट. रिटायर झालेला शेतकरी, पिढ्यान् पिढ्या इथलाच, आणि सभासदांमध्ये त्याच्या शब्दाला वजन. तो सगळ्यांना सांगत सुटला, "हा युवर मॅन काल इथे राहायला आला, आणि आज माझा टॅक्स वाढवतोय!" इकडे नाव न घेता कुणाबद्दल बोलायचं असलं, की त्याला युवर मॅन म्हणतात. भाऊजींच्या कानावर हे गेलं. दुसरा कुणी असता तर चिडला असता, पण ते नागपूरचे. त्यांनी पॅटला जेवायला बोलावलं आणि सावजी चिकन केलं.

मी मदतीला गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांदेखत पाहिलं. पॅटने पहिला चमचा रस्सा घेतला आणि म्हणाला, "ग्रँड." दुसऱ्या चमच्याला तो बोलायचा थांबला. तिसऱ्याला कान लाल झाले, डोक्यावरून घाम निथळायला लागला आणि हात आपोआप छातीवर गेला. भाऊजी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि अगदी मायेने म्हणाले, "पॅट, आत्ता या मिनिटाला तुला काय पाहिजे?"

"पाणी," पॅट कसाबसा बोलला.

"आणि पाण्याने भागलं नाही तर?"

पॅटने दुसऱ्या दिवशी कौन्सिलला पानभर लिहिलं, आणि उरलेला रस्सा डब्यात घालून मागून नेला.

मतदानाच्या दिवशी आम्ही सगळे सभागृहात मागच्या बाकांवर बसलो. भाऊजींनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. एकेक हात वर जात होता आणि ते तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होते. प्रस्ताव अगदी काठावर पास झाला, तसे भाऊजी बाकावर उभे राहून ओरडले, "वाढली! घरपट्टी वाढली!" जगाच्या पाठीवर घरपट्टी वाढल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल. अध्यक्षबाईंनी खाली बसा म्हणून सांगितलं, तर पॅटने शिट्टी मारली.

यथावकाश गाडी आली. भाऊजींनी तिला हळदीकुंकू लावलं, हार घातला, फरशीवर नारळ आपटला. चाकाखाली लिंबू ठेवलं, तर पॅट म्हणाला, "आणि लिंबाबरोबर प्यायची जिन कुठाय?" तोही आता स्वयंसेवक झालेला. गाडी लिंबावरून गेली, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि सगळे चहाला आमच्याकडे आलो.

भाऊजींनी तिथूनच आईंना व्हिडिओ कॉल लावला. गाडीचा फोटो आधीच पाठवला होता.

"पाहिली का गाडी, आई? आता ये तू. आता तुले काही झालं तरी भेव नाही."

"मले काय होते रे?" आई म्हणाल्या. "इथं मी नुसती खोकलली तरी चार बाया धावत येतेत. दूध घ्यायले दार उघडलं नाही, तं गवळी बोंब मारते. गाडी आली, चांगलं झालं. पण प्रमोद, तिथं तुले काही झालं, तं त्या गाडीले फोन कोन करन?"

घरपट्टीवर तासन् तास बोलणाऱ्या भाऊजींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मराठीचं अक्षर न कळणाऱ्या पॅटनेही कप खाली ठेवला. मलाच राहवेना. त्यांच्या हातातला फोन घेतला आणि म्हटलं, "मावशी, तिकिटाचं आम्ही बघतो. तुम्ही बॅग भरायला घ्या."

"भरूनच ठेवली आहे बाई, दिवाळीपासून," त्या म्हणाल्या. "हाच बोलवत नव्हता. मले वाटे, मी याले जड होऊन राहिली."

"आई, तसं नाही वं," भाऊजी म्हणाले, आणि तिकीट काढायला त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे लॅपटॉप मागितला.