पटावर एकशे बेचाळीस

"एक आठवडा!" लालपेनने जेवणाच्या टेबलावर हात आपटून जाहीर केलं. "मला फक्त एक आठवडा द्या. व्याकरण आणि लेखन, दोन्हीचा निकाल लावून टाकतो!"

"कुणाचा? विषयांचा की पोरींचा?" बायकोने विचारलं आणि उष्टी ताटं उचलली.

लालपेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. अठरा वर्षं घरी बसून तो छापखान्यांची प्रुफं तपासत होता, म्हणून शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव, आणि तो ते पदवीसारखं मिरवत असे. चुकीचा काना त्याच्या नजरेतून सुटला असं कधी झालं नाही. अर्थ मात्र हटकून सुटायचा! मधमाश्यांवरचं तीनशे पानांचं पुस्तक त्याने डोळ्यांत तेल घालून तपासलं. ते संपल्यावर बायकोने सहज विचारलं, "कशावर होतं हो पुस्तक?" त्यावर हा बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, "स्वल्पविराम फार होते."

तर अशा माणसाकडे घरात भाषा हा विषय होता. थोरली अकरा वर्षांची, धाकटी सात. दोघी घरीच शिकत. बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत होती, पाळी दुपारी एकची. मुलींना शाळेत घातलं असतं तर त्या सकाळी सातला बाहेर पडल्या असत्या आणि घरी परतेपर्यंत आई गेलेली असती; रात्री ती यायची तेव्हा मुली झोपलेल्या. आई आणि मुलींची भेट फक्त रविवारी! ते काही कुणाला सोसणारं नव्हतं. म्हणून सकाळी आई गणित आणि विज्ञान शिकवी, दुपारी बाबा भाषा. निदान कागदावर तरी तसं होतं.

घरी शिकवायची परवानगी दरवर्षी नव्याने घ्यावी लागे. शिक्षण कार्यालयातून एक अधिकारी बाई येत. उंच, करारी, चष्मा नाकाच्या पार टोकाला. गेल्या वर्षीचा त्यांचा शेरा फ्रिजच्या दारावर चिकटवलेला होता: 'गणित, विज्ञान उत्तम. भाषेचा अभ्यासक्रम निवडलेला नाही. थोरल्या मुलीच्या लेखनाचा एकही नमुना नाही. पुढील तपासणीपर्यंत सुधारणा न झाल्यास दोघींना शाळेत दाखल करावे.'

नमुना असणार कुठून? थोरलीने मागे एकदा मांजरावर निबंध लिहिला होता. लालपेनने तो इतक्या प्रेमाने तपासला, की कागदावर पांढरी जागा उरली नाही. थोरलीने तो हातात घेऊन पाहिला. "बाबा, मांजर मेलं रे," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने बापाला एक ओळ दाखवली नाही.

"योग्य अभ्यासक्रम मिळाला की लिहील ती!" लालपेन म्हणे. "पाया पक्का हवा."

आठवड्याचे तीन महिने झाले. पाया काही सापडेना. बाजारात अभ्यासक्रमांची रेलचेल. एक म्हणतो आधी नियम शिकवा, लेखन आपोआप येतं. दुसरा म्हणतो आधी लिहू द्या, नियम आपोआप येतात. तिसऱ्यात सगळंच आपोआप येतं, पण त्याचे अकरा भाग! लालपेनने स्वयंपाकघराच्या भिंतीवर तुलनेचा तक्ता लावला. त्रेचाळीस रकाने! तो पसरत पसरत मसाल्याच्या डब्यांपर्यंत गेला, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, अजून एक रकाना वाढला तर गॅस बाहेर न्यावा लागेल मला."

शेवटी दोन अभ्यासक्रम उरले. एकाच्या मुखपृष्ठावर घुबड होतं, दुसऱ्याच्या होडी. पुस्तकं हातात घेऊन पाहिल्याशिवाय निवड करायची नाही, असा लालपेनचा बाणा. त्याने दोन्ही प्रकाशकांना फोन केला. दोघांचं उत्तर एकच आलं. नमुना संच फक्त शाळांना मिळतो. तोही पटावर शंभरापेक्षा जास्त विद्यार्थी असले तरच.

"मग आपण शाळाच आहोत की!" लालपेन म्हणाला. "घरात शिकवतो ती शाळा नाही तर काय?"

तो पत्र लिहायला बसला. 'महोदय,' असं लिहिलं. मग त्यापुढचा स्वल्पविराम नीट आहे ना ते पाहिलं. दुपार सरली. दुसऱ्या दिवशी 'सविनय'पर्यंत मजल गेली. दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासण्यात ज्याची हयात गेली, त्याला स्वतःचं काही सुचेना!

"मी लिहू?" थोरली दारातून म्हणाली.

"लिही, लिही. आपली छोटीशी शाळा आहे, पुस्तकं पाहायला पाठवा, एवढंच."

"तू लाल करणार नाहीस ना?"

"बिलकूल नाही!"

तासाभरात पत्र तयार झालं. दोन पानं! लालपेनने ते अगदी काळजीपूर्वक वाचलं, म्हणजे त्याच्या पद्धतीने वाचलं. दोन स्वल्पविराम घातले, एक वेलांटी बदलली, तेही शब्द पाळायचा म्हणून निळ्या पेनने. पत्र स्वच्छ टाइप करून दोन प्रती काढल्या, खाली सह्या ठोकल्या आणि टपालपेटीत टाकून आला. पत्रात काय होतं असं कुणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, "शुद्ध होतं."

अधिकारी बाई गुरुवारी साडेअकराला येणार होत्या. बायकोने पहाटेपासून घर घासूनपुसून लख्ख केलं. अकरा वाजता बेल वाजली. दारात एक गुबगुबीत गृहस्थ उभे, मागे चाकांची बॅग, बॅगेवर घुबड.

"मुख्याध्यापक साहेब?" त्यांनी लालपेनचा हात दोन्ही हातांत धरला. "पाठ कशी आहे आता?"

"बरी आहे," लालपेन म्हणाला. पाठ खरंच दुखत असे. पण यांना कुणी सांगितलं?

"शाळा वरच्या मजल्यावर आहे का? पाटी दिसली नाही कुठे."

"पाटी घंटेबरोबर चोरीला गेली," धाकटी त्याच्या कमरेमागून म्हणाली.

"हो हो, पत्रात वाचलं!" गृहस्थ कळवळले.

धाकटीला पत्र तोंडपाठ होतं. थोरलीने तिला तीनदा वाचून दाखवलं होतं.

तेवढ्यात दुसरी बेल. होडीवाले! हे किडकिडीत होते, खांद्यावर खोकं आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. "पत्र वाचून आमच्या कचेरीत दोघं रडले, साहेब. वर्गणी काढली आम्ही. नाही म्हणू नका!" त्यांनी कागद फाडला. आत पितळी घंटा! चांगली कलिंगडाएवढी!

"अहो, काय चाललंय हे?" बायको आतून पदराला हात पुसत आली.

"या विज्ञानाच्या बाई ना?" घुबडवाले आदराने उठून उभे राहिले.

"ते पत्र... आहे का आपल्याकडे?" लालपेनने क्षीण आवाजात विचारलं. होडीवाल्यांनी खिशातून काढून दिलं. स्वतःची सही असलेलं ते पत्र लालपेनने आयुष्यात पहिल्यांदा वाचलं.

'आमच्या शाळेच्या पटावर एकशे बेचाळीस विद्यार्थी आहेत. ग्रंथालय गळते. मुख्याध्यापकांची पाठ वाकली आहे, कारण ते दिवसभर चुका शोधतात. घंटा आणि पाटी चोरीला गेली. आमच्या विज्ञानाच्या बाई सर्वांत छान शिकवतात, पण दुपारी त्या कामावर जातात आणि मग शाळा एकदम रिकामी वाटते. पुस्तके घेऊन आपण स्वतः यावे. गुरुवारी सकाळी अकरा ही वेळ उत्तम.'

"गुरुवार?" लालपेन थोरलीकडे वळून कुजबुजला. "गुरुवारच का गं?"

"त्या दिवशी घर आवरलेलं असणार होतं ना!"

आणि नेमकं त्याच वेळी धाकटीला घंटेचा दोर सापडला. घण्! घण्! घण्! भिंतीवरचा तक्ता एका बाजूने सुटून लोंबायला लागला. खालचा भाडेकरू जिन्यात येऊन "आग लागली का?" म्हणून ओरडला. आणि घंटेचा आवाज थांबला तेव्हा उघड्या दारात अधिकारी बाई उभ्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर.

"इथे शाळा भरते?"

"भरते म्हणजे!" घुबडवाले उत्साहाने म्हणाले. "एकशे बेचाळीस मुलं, बाई! या एवढ्याशा जागेत!"

अधिकारी बाईंनी खोलीवर नजर फिरवली. दोन मुली, एक घंटा, दोन विक्रेते. "दोन मुलींना घरी शिकवायची परवानगी आहे तुम्हाला," त्या थंडपणे म्हणाल्या. "तुम्ही विनापरवाना शाळा काढलीत?"

"नाही, नाही! शाळा नाहीच आहे!" लालपेन ओरडला.

"शाळा नाही?" होडीवाले मटकन खाली बसले. "मग आमची घंटा?"

अधिकारी बाईंनी पत्रासाठी हात पुढे केला. त्या सावकाश वाचत होत्या. एका ठिकाणी थांबल्या, मान वर करून बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा वाचू लागल्या. लालपेनच्या डोळ्यांसमोर सकाळी सातची शाळेची बस उभी राहिली. बसमध्ये दोन वेण्या, गॅलरीत एकटी बायको. मागच्या अठरा वर्षांत त्याला एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"कुणी लिहिलं हे?"

"मी!" लालपेन म्हणाला. लेकीवर बालंट येण्यापेक्षा आपण खोटारडे ठरलेलं बरं.

"असं? मग इथेच बसा, आणि या शाळेबद्दल आणखी दोन ओळी लिहून दाखवा."

लालपेन बसला. 'महोदया,' असं लिहिलं. स्वल्पविराम तपासला. एक मिनिट गेलं. तीन गेली. घुबडवाले त्याच्यापेक्षा जास्त घामाघूम झाले.

"हे पत्र तुम्ही लिहिलेलं नाही," अधिकारी बाई म्हणाल्या.

"मी लिहिलं," थोरली पुढे आली. आवाज बारीक झाला होता, पण मान वर होती. "आणि सगळं खोटं नाहीये. बाबांची पाठ दुखते. पुस्तकांच्या कपाटावर वरच्या न्हाणीघराचं पाणी गळतं. आई दुपारी जाते. फक्त घंटा आणि पाटी मी चोरीला घालवली, म्हणजे त्यांना वाईट वाटेल."

"आणि एकशे बेचाळीस?"

"आम्ही दोघी आहोत. बाकीचे एकशे चाळीस गैरहजर."

अधिकारी बाईंचा चष्मा नाकावरून घसरून हातात पडला. त्या हसत होत्या! खांदे हलवून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "माझ्याकडे चांगल्या चांगल्या शाळांचे पट येतात," त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "पण इतका प्रामाणिक खुलासा कुणी दिला नाही." मग त्या लालपेनकडे वळल्या. "कोणता अभ्यासक्रम वापरता लेखनासाठी?"

लालपेनने लोंबणाऱ्या तक्त्याकडे पाहिलं. घुबडाकडे पाहिलं. होडीकडे पाहिलं. "अजून... निवडतोय," तो म्हणाला.

त्यांनी शेरा लिहिला: 'थोरली: पत्रलेखन उत्कृष्ट. सध्याचाच अभ्यासक्रम चालू ठेवावा. परवानगीस मुदतवाढ.' बायको तिथेच खाली बसली आणि दोन्ही मुलींना कुशीत घेऊन रडली. लालपेनही रडला असता, पण शेरा अजून संपला नव्हता. 'वडील: न वाचता सही केली. बोगस शाळेबाबत स्वतःच्या शब्दांत, दोनशे शब्दांचा लेखी खुलासा सोमवारपर्यंत सादर करावा.'

घुबडवाले बॅग ओढत निघून गेले. होडीवाले जिन्यापर्यंत गेले, परत आले आणि धाकटीला म्हणाले, "घंटा राहू दे. नाही तर कचेरीत काय सांगू मी?"

रविवार उजाडेपर्यंत लालपेनचे चार खर्डे झाले. चौथा त्याने लाजत लाजत थोरलीपुढे ठेवला.

"चूक एकही नाही, बाबा," ती म्हणाली. "पण काय झालं ते कुठाय यात?"

"लिहवत नाही गं. लाज वाटते."

"मग दुसऱ्याच कुणाचं झालंय असं समज. 'मी'च्या जागी 'तो' लिही. मी पण शाळा तशीच काढली ना?"

तर अधिकारी बाई, पाचवा खर्डा सोबत जोडला आहे, म्हणजे आपण आत्ता वाचलात तोच. यातला लालपेन मीच. आपल्या चष्म्याबद्दल जे लिहिलं गेलं त्याबद्दल क्षमा असावी. दोनशे शब्दांची मर्यादा चांगलीच ओलांडली आहे, तेही मान्य. पाठवण्यापूर्वी खुलासा थोरलीने तपासला. दहापैकी सहा गुण मिळाले, आणि खाली हिरव्या पेनने शेरा:

'वाचून कळतं. स्वल्पविराम फार आहेत.'