ठोंब्याची खासगी शिकवणी

सर्व सुज्ञ वाचकांस नम्रपणे कळविण्यात येते की, घरी येऊन दिल्या जाणाऱ्या खासगी श्वानशिक्षणापासून कुटुंबाने कोणती अपेक्षा ठेवावी, याचे साद्यंत विवेचन येथे एका घरात घडलेल्या हकिकतीच्या आधारे करण्यात येईल. वाचकांनी ते एका जागी बसून, मध्येच न उठता वाचावे.

आज्ञापालन हा सुसंस्कृत समाजाचा पाया होय. हा पाया ज्यांच्या तळमजल्यावरील घरी पुरता खचला होता, ते गृहस्थ पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होते. त्यांच्या हाताखाली चार कारकून होते (पैकी एकही हाताशी सापडत नसे). घरी पत्नी, सासूबाई आणि ठोंब्या नामक तपकिरी कुत्रा असा परिवार. सायंकाळी हेडक्लार्क घरी परतले असता मान वर करून पाहणारा त्या तिघांत एकटा ठोंब्याच. तो नुसता पाहत नसे, तर छातीवर पाय ठेवून, चष्मा पाडून, जिना दणाणेल असा भुंकत असे. हेडक्लार्क दारातच पाच मिनिटे "अरे हो, अरे हो" म्हणत उभे राहत. दिवसातील तेवढीच पाच मिनिटे त्यांना आपण कोणीतरी आहोत असे वाटे.

वरच्या मजल्यावरील घरमालकांना मात्र त्याच पाच मिनिटांत आपण कोणीच नाही असे वाटे. त्यांनी लेखी कळविले : महिनाअखेरच्या रविवारी आपण समक्ष पाहणी करू. कुत्रा सांगताक्षणी बसला व गप्प झाला तर ठीक, अन्यथा त्याची रवानगी अन्यत्र करावी. हेडक्लार्कांनी तो कागद तीनदा वाचला, त्यावर आवक क्रमांक टाकला (सवय) आणि ते भरल्या ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी श्वानशिक्षकांना पाचारण करण्यात आले.

श्वानशिक्षक हे कडक इस्त्रीचे, कमरेला खाऊची पिशवी बांधलेले गृहस्थ होते. पहिल्या तासाला त्यांनी कुत्र्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. घरात आधी कोण जेवते, सोफ्यावर कोण लोळते, हाक मारल्यावर कोण ओ देत नाही, अशी त्यांनी कसून चौकशी केली व निष्कर्ष वाचून दाखविला. कुत्र्यात दोष शून्य, पत्नीत तीन, सासूबाईंत चार, हेडक्लार्कांत एकोणीस (पुरवणी जोडली होती).

त्यानंतर त्यांनी पद्धत विशद केली. आज्ञा एकदाच द्यावी. आवाज चढवू नये. ऐकल्यास दोन सेकंदांच्या आत 'शाबास' म्हणून खाऊ द्यावा. न ऐकल्यास रागावू नये, फक्त पाठ फिरवावी.

सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "हे आमच्या मुलीच्या लग्नाआधीच कुणीतरी सांगायला हवं होतं."

एकूण सहा तास शिकवणी झाली. पैकी कुत्र्याशी प्रत्यक्ष संभाषण अकरा मिनिटे. उरलेल्या दिवसांत घरच्यांनी सराव करावयाचा होता, आणि तेथेच हेडक्लार्कांच्या हातून ती ऐतिहासिक चूक घडली. नव्या कारकुनालाही नमुना अर्ज भरून दाखवल्याखेरीज काही उमगत नाही, मग मुक्या जनावराला कसे उमगावे, असा विचार करून ते स्वतःच ठोंब्यासमोर सतरंजीवर उभे राहिले. पत्नी म्हणाल्या, "बस." हेडक्लार्क बसले. पत्नींचा हात सवयीने पिशवीत गेला, आणि दुसरा सेकंद संपण्यापूर्वी "शाबास" या शब्दासह बिस्किटाचा तुकडा हेडक्लार्कांच्या तळहातावर आला.

सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकदाच शेरा मिळाला होता : 'बरा'. त्यांनी तो तुकडा सावकाश चावून खाल्ला.

"पुन्हा एकदा करू," ते म्हणाले. "ठोंब्याचं लक्ष नव्हतं."

पुढील प्रगती विस्मयकारक होती. चौथ्या दिवशी ओला टॉवेल पलंगावरून दोरीवर गेला. सहाव्या दिवशी पत्नी बोलत असताना वर्तमानपत्र खाली आले. नवव्या दिवशी हेडक्लार्कांनी "तुला काय वाटतं?" असे विचारले (या दिवशी अख्खे बिस्किट). आठवड्याला दोन पुडे लागत; त्यांत कुत्र्याचा वाटा एक चतुर्थांश. "सव्वीस वर्षं मी नुसती ओरडत होते," पत्नी आईला म्हणाल्या. "हळू आणि एकदाच सांगायचं असतं, हे कुणी बोललंच नाही." ठोंब्या मात्र होता तसाच होता.

ठरल्या रविवारी घरमालक आले. ठोंब्याने त्यांच्या छातीवर पाय ठेवून यथोचित स्वागत केले. हेडक्लार्क "बस" म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. मग आणखी एकदा, मोठ्याने (दोन्ही नियमांचा भंग). ठोंब्याला हा खेळ फार आवडला. घरमालकांनी खिशातून तो कागद काढला. "हे बघा हेडक्लार्क, मी आधीच..."

"बस," पत्नी म्हणाल्या. एकदाच. आवाज न चढवता.

हेडक्लार्क सतरंजीवर बसले. मागे खुर्ची आहे की नाही हे न पाहता घरमालकही बसले (सुदैवाने होती).

"गप्प."

घरमालकांचे वाक्य होते तेथेच राहिले. दोन सेकंदांच्या आत दोघांनाही "शाबास" व एकेक बिस्किट मिळाले. ही अन्यायकारक वाटणी पाहून ठोंब्या भुंकायचाच विसरला.

घरमालक वरच्या मजल्यावर एकटेच राहत. ते बराच वेळ ते बिस्किट हातात धरून होते. मग त्यांनी ते खाल्ले, कागदाची बारीक घडी करून खिशात ठेवली आणि घसा खाकरून शिकवणी किती वाजता असते अशी पृच्छा केली.

"पण कुत्रा अजून उभाच आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, गप्प."

सासूबाईंनाही बिस्किट मिळाले. ठोंब्या घरीच राहिला. त्याच सायंकाळी त्याने हेडक्लार्कांचा चष्मा पुन्हा पाडला, आणि हेडक्लार्क दारातच पाच मिनिटे उभे राहिले.

श्वानशिक्षकांच्या मते शिक्षण पूर्ण झाल्याची खूण एकच : विद्यार्थ्यास एकदाच, आवाज न चढवता 'बस' म्हणावे, आणि खाऊची पिशवी कोठेही दिसत नसताना तो शेवटपर्यंत जागचा हलू नये. प्रारंभी आपणास तशीच एक सूचना केली होती, हे आपल्या स्मरणात असेलच.

शाबास.

आपण दिलेल्या वेळेबद्दल अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
तळमजल्यावरचा चष्मेवाला
(माझा तास गुरुवारी असतो.)